पिवळ्या राशीत तांबडे दाणे

वारा सकाळपासून पडला होता. उन्हं डोक्यावर आली तेव्हा कुठूनसा सुटला, आणि सून सूप भरून घेऊन खळ्याच्या कडेला उभी राहिली. हात डोक्याच्या वर नेऊन ती मोहरी हळूहळू सोडत होती. भुसा उडून बांधाकडे जात होता, दाणा पायापाशी पडत होता. डोळ्यांत, कानांत, गळ्याशी घामाला चिकटून सगळीकडे भुसाच भुसा. मान अवघडली म्हणून तिनं सूप खाली घेतलं, आणि पिवळ्या राशीत काहीतरी तांबडं दिसलं. खडा असेल म्हणून तिनं वाकून उचललं. चिमटीत फिरवलं. खडा नव्हता. मोहरीचाच दाणा होता.

तिनं राशीवरून तळवा फिरवला. आणखी एक निघाला. मग चार. मग मोजायचं कारणच उरलं नाही. गोऱ्या पाठीवर तीळ असावेत तसे ते सगळ्या राशीभर पसरले होते.

"अहो," तिनं नवऱ्याला हाक मारली. "जरा इकडे या."

तो पलीकडे शेवटच्या पेंढ्या काठीनं झोडपत होता. घाम पुसत आला, ओंजळ भरून घेतली, आणि तसाच उभा राहिला. बैलगाडीच्या सावलीत सासरे बसले होते. त्यांनी मान वर केली.

"काय झालं गं पोरी?"

"काही नाही, मामंजी," ती म्हणाली. "वारा बघत होते."

सासऱ्यांना त्या भागात नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे पारखी म्हणत. तरुणपणी त्यांच्या वाट्याला सरमिसळ मोहरी आली होती, अर्धी पिवळी, अर्धी मळकट. दरवर्षी कापणीच्या आधी ते प्रत्येक झाडाची एक शेंग उकलून बघत. मनासारखं झाड असेल त्याला दोरा बांधत, नसेल ते उपटून टाकत. कंबर वाकली, लग्न झालं, मूल झालं, बायको गेली, तरी हे काम सुटलं नाही. शेवटी त्यांची मोहरी अशी झाली की पोतं ओतलं तर ऊन सांडल्यासारखं वाटे. लांबलांबचे लोक बियाण्याला त्यांचीच मोहरी नेत. बियाणं विकत घेणाऱ्या गोदामात तर पोतं उघडायचीही कुणाला गरज वाटत नसे. "पारख्यांचं आहे ना? जाऊ दे पुढे," एवढंच.

हल्ली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सुगी झाली की डोळे करून घेऊ, असं ते पेरणीपासून म्हणत होते. तरी बियाण्याच्या कोठीची किल्ली त्यांच्याच कमरेला होती.

आणि त्या कोठीत, पिवळ्याच्या शेजारी, तांबड्या मोहरीचा एक पत्र्याचा डबा होता.

तो डबा आला त्याची गोष्ट अशी. दोन सुगींपूर्वी मुलानं ओढ्यापलीकडचं रान कसायला घेतलं आणि तिथे तांबडी मोहरी पेरायची ठरवली. ती काटक, भरघोस, तिला फार जपावं लागत नाही. पारख्यांनी ऐकलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले.

"इतक्या जवळ नको रे," ते म्हणाले. "मोहरी मोहरीला बिघडवते."

"मध्ये ओढा आहे, बाबा. मोहरी काय पोहत येणार आहे?"

"माशा येतात."

"माशा मध न्यायला येतात. रंग लावायला नाही."

सून हसली होती. पारखीही हसले होते, पण त्या हंगामात मोहरी फुलली तेव्हा ते रोज ओढ्याच्या काठाशी जाऊन उभे राहत. अलीकडे पिवळी फुलं, पलीकडे पिवळी फुलं. फुलात दोघींचा रंग एकच. मधमाशा इकडून तिकडे, तिकडून इकडे.

मळणी झाली. पिवळ्या मोहरीत औषधाला तांबडा दाणा नव्हता. मुलानं खळ्यावर चार माणसांदेखत ओंजळभर मोहरी बापाच्या हातात ओतली. "बघा. कुठे आहे बिघाड? दाखवा एक तरी दाणा." तेव्हा पारख्यांना बरं दिसत होतं. त्यांनी हात उन्हाकडे नेला, बोटानं दाणे सारले, पुन्हा सारले. मग म्हणाले, "नाही रे. माझंच चुकलं. उगाच घाबरलो." माणसं हसली. म्हातारपणाची भीती म्हणून विषय मिटला. पुढच्या वर्षी मुलानं पलीकडे कांदा लावला, उरलेली तांबडी डब्यात भरून कोठीत ठेवली, आणि अलीकडे त्याच निखळ पिवळ्या दाण्याची पेरणी झाली.

त्या पेरणीची ही रास.

गोदामात पोतं पहिल्यांदाच उघडलं गेलं. उघडावंच लागलं, कारण मुलानं स्वतःच सांगितलं. गोदामवाल्यानं लांब नळी खुपसून दाणे काढले, पांढऱ्या ताटलीत पसरले, आणि पारख्यांकडे न बघता म्हणाला, "हे बियाणं म्हणून घेता येणार नाही. घाण्याला घाला."

"घाण्याला?" पारखी म्हणाले. त्यांना ताटलीत काय आहे ते दिसत नव्हतं. ते तोंड पुढे करून, नाक टेकेल इतकं वाकून बघत होते. मागे रांगेतली माणसं बघत होती.

तिथेच, त्या रांगेसमोर, मुलाचा तोल गेला.

"बाबा, तुम्ही पेरणीच्या वेळी कोठीत काय केलं होतं?"

"काय केलं होतं?"

"तांबड्याच्या डब्याला हात लावला होता का?"

पारखी आठवू लागले. त्यांच्या कपाळावर घाम आला. "कबुतरांना टाकायला एकदा मूठभर घेतली होती," ते म्हणाले. "ती..."

"झाकण उघडं होतं. मी बघितलं होतं. ती मूठ परत कुठे टाकली?"

"डब्यातच टाकली असेल."

"असेल की टाकली?"

मागची माणसं पुढे सरकायची थांबली होती.

"माहीत नाही रे," पारखी म्हणाले. "पोत्यात पडलीही असेल. मला आता दिसत नाही."

घरी आल्यावर मुलानं हात पुढे केला नाही. पारख्यांनीच कमरेची किल्ली सोडली. गाठ सुटेना. शेवटी सुनेनं पुढे होऊन ती सोडली, आणि सोडताना तिच्या मनात आलं ते ती पुढे कधी विसरली नाही. तिच्या मनात आलं, बरं झालं. निदान आता पुन्हा होणार नाही.

मग निवडायचे दिवस सुरू झाले. निम्मी रास घाण्याला गेली, निम्मी मुलानं ठेवून घेतली. तांबडे वेचून काढू, उरलेली पिवळी पेरू, असा हिशेब. ओसरीवर दोन ताटं मांडली जात. मूठ टाकायची, पसरायची, तांबडा दिसला की नखानं बाजूला. मोहरीचा दाणा तो केवढा! दुपारपर्यंत डोळ्यांपुढे ठिपके नाचू लागत. उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. सुनेच्या अंगठ्याचं नख मुळाशी सोललं, तरी राशीला ओहोटी लागेना.

दुसऱ्या ताटावर पारखी बसत. बसू नका म्हटलं तरी बसत. "माझ्या हातचं आहे, मीच निस्तरतो," म्हणत. सुनेनं एकदा त्यांच्या बाजूला काढलेल्या दाण्यांकडे पाहिलं. त्यात पिवळेच जास्त होते. ते बोटानं चाचपून, अंदाजानं वेचत होते. तिनं ते ताट आपल्याकडे ओढलं आणि पुन्हा निवडायला घेतलं. पारख्यांच्या ते लक्षात आलं. त्यानंतर ते वेचायचे थांबले, नुसते ताटासमोर बसून राहू लागले.

एकदा ताटाला त्यांचा पाय लागला. निवडलेलं आणि न निवडलेलं एक झालं.

"बाबा, उठा," मुलगा म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर परवडलं असतं. "तिकडे मागे बसा. कृपा करा आणि मागे बसा."

तेव्हापासून पारखी परसात, लाकडं रचलेल्या भिंतीपाशी बसू लागले. हळूहळू त्यांना विचारून करायची सवय लागली. "पोरी, पाणी घेऊ का?" "पोरी, जरा ऊन बघून येऊ का?" आपल्याच घरात. ताटात वाढलेलं अर्धं टाकून उठत. सदरा खांद्यावरून घसरू लागला, मनगटाचं हाड वर आलं. आणि कुणी आलं की, मग ते बी मागायला येवो नाहीतर नांगराचा फाळ परत द्यायला, ते काठी टेकत पुढे येत आणि म्हणत, "माझ्या हातून बियाणं बिघडलं. तुम्हाला कळलंच असेल." आलेला माणूस ओशाळा होई. "चालायचंच," म्हणे. पारखी मान हलवून मागे जात.

मोहरीची धाटं जळणाला वापरून संपत आली होती तेव्हा बियाणं तपासणाऱ्या कचेरीतून एक मॅडम आल्या. उन्हानं रापलेल्या, पायांत जाड बूट, खांद्याला पिशवी. "पारखी इथेच राहतात ना? त्यांना भेटायचं होतं."

आवाज ऐकून पारखी पुढे आले. मॅडमनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मॅडम, माझ्या हातून बिघडलं. यांचा दोष नाही. यांचं बियाणं पुढच्या वर्षी घ्या."

"आजोबा, मी त्याचसाठी आले आहे. बसा ना."

"नको, नको. मी मागे बसतो." आणि ते गेलेसुद्धा. काठीचा आवाज परसापर्यंत ऐकू आला.

मॅडमनी ओसरीवर बसून पिशवीतून दोन पुड्या काढल्या. "पेरणीच्या आधी तुम्ही नमुना देता ना? ते दाणे आम्ही आमच्या वाफ्यात लावून बघतो. तुमचे मी स्वतः लावले. सगळे पिवळे होते, एकूण एक. आणि त्यातूनच तांबड्या दाण्यांची झाडं निघाली."

"नमुना दिला तेव्हा पोत्यात..." मुलगा म्हणाला.

"पोत्यात कुणी काही मिसळलं नव्हतं. मी सांगते आहे ना, पेरला तो दाणा पिवळा होता. तांबडं त्याच्या आत होतं."

"आत कसं असेल?"

मॅडमनी एक दाणा तळव्यावर थुंकीनं ओला केला आणि नखानं त्याची साल काढली. पापुद्र्याएवढी. "ही साल आईची असते. ज्या झाडावर दाणा पिकला, त्या झाडाची. फुलात पराग कुठूनही येवो, बाप कुणीही असो, त्या वर्षी साल आईच्या रंगाची. तो दाणा पेरला, त्याचं झाड झालं, त्याला दाणे आले, की मग बापाचा रंग दिसतो. एक पिढी उशिरा. आणि तांबडा रंग जोरदार. दोन्हीकडून पिवळं आलं तरच दाणा पिवळा."

सून जवळ सरकली. "पण पिवळ्याचा रंग तांबड्यापुढे इतका कच्चा कसा?"

"कारण तो रंग चढलेलाच नसतो. तांबडीच्या सालीत एक द्रव्य असतं, चहाचा तुरटपणा असतो त्याच जातीचं. कोवळ्या दाण्यात ते दिसत नाही, दाणा वाळू लागला की तांबूस होतं. कापून ठेवलेलं वांगं काळं पडतं तसं. पिवळीत ते द्रव्य तयारच होत नाही. साल काचेसारखी राहते आणि आपल्याला दिसतो तो आतला गर. म्हणून साल पातळ, तेल थोडं जास्त." मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. "या पिकाच्या आधीच्या हंगामात जवळपास कुणी तांबडी पेरली होती का? माशा पोचतील इतक्या जवळ?"

मुलगा ओढ्याकडे बघत होता. पलीकडे कांद्याचं रान मोकळं पडलं होतं.

"मी," तो म्हणाला.

सुनेनं ताटातल्या पिवळ्या दाण्यांकडे पाहिलं. "मग हे निवडलेलं..."

"त्यातही काही आतून तांबडे असतील. डोळ्यांनी नाही निवडता येणार, कितीही चांगले डोळे असले तरी. हे पिवळे दाणे पेरा, त्यांच्या झाडांच्या फुलोऱ्याला कळी उमलायच्या आधी कापडाची पिशवी बांधा, प्रत्येकाचं बी वेगळं ठेवा, वेगळं पेरा. तांबडं निघेल ती ओळ टाकून द्या. काही वर्षं जातील. पण येईल परत."

मॅडम गेल्या. त्या दिवशी ताटं पुन्हा मांडली गेली नाहीत. सून परसात जायला निघाली तसा नवऱ्यानं तिचा हात धरला.

"मी सांगतो. माझ्या तोंडून गेलं पाहिजे."

"मग आत्ताच सांगा."

"सांगतो. जरा जुळवू दे मला."

त्याचं जुळेना. सकाळी म्हणे, दुपारी सांगतो. दुपारी म्हणे, त्यांची झोप लागली आहे. बापासमोर जाऊन उभा राही आणि लाकडं नीट रचायला लागे. सुनेनं एकदा जेवण वाढताना स्वतःच म्हटलं, "मामंजी, तुमचं काही चुकलं नव्हतं." ते म्हणाले, "तू माझी बाजू घेणारच, पोरी," आणि तिला आणखी बोलायचा धीर झाला नाही. नवऱ्याचं होतं, नवऱ्यानं सांगावं, असं म्हणून तीही थांबली. त्या थांबण्यात थंडी आली.

थंडीनं पारख्यांच्या छातीत कफ धरला. डॉक्टर आले, सुई टोचली, शेक द्या म्हणाले. जाताना दारात मुलाच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तो समजला. तो आत गेला आणि खाटेच्या कडेला, जमिनीवर बसला. सून पायथ्याशी शेकायची पिशवी धरून उभी होती.

"बाबा, एक सांगायचं आहे. मोहरी तुमच्यामुळे नाही बिघडली. माझ्यामुळे बिघडली. ओढ्यापलीकडे मी तांबडी लावली होती ना, तिच्यामुळे."

पारख्यांनी डोळे उघडले. "कधी?"

"दोन सुगींपूर्वी. तुम्ही नको म्हणाला होता तेव्हा. तुमचं बरोबर होतं."

"तेव्हा तर पिवळीच आली." श्वास घ्यायला ते थांबले. "तूच ओतलीस ना माझ्या हातात. तेव्हा मला दिसत होतं रे. चांगलं दिसत होतं. एक दाणा नव्हता."

"त्या वर्षी दिसत नाही, बाबा. साल आईची असते. बापाचा रंग मागाहून येतो, नातवंडांत. म्हणजे... मॅडमनी सांगितलं. दाणा वरून पिवळा आणि आतून..." त्याला ते धड सांगता येईना. तो मागेपुढे करत राहिला, माशा म्हणाला, पराग म्हणाला, काच म्हणाला, वांगं म्हणाला. पारखी ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी हात चाचपत पुढे नेला आणि मुलाचं मनगट धरलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"किती गोळा करून आणलंस रे माझ्यासाठी," ते म्हणाले.

"गोळा नाही केलं, बाबा. खरं आहे."

"लहानपणी काचेचा दिवा फोडलास तेव्हा मांजरावर ढकललंस. आणि आता न केलेलं अंगावर घेतोस." हसण्यानं खोकला आला. सुनेनं त्यांना उठवून धरलं. पाठीची हाडं तिच्या हाताला एकेक लागत होती. "मला हलकं करून पाठवायचं आहे तुला. कळतं मला."

मुलानं बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडे तसं पाहिलं नव्हतं. "तू सांग ना. तू सांग त्यांना."

"खरं आहे, मामंजी," ती म्हणाली. "मॅडम आल्या होत्या तेव्हा मी तिथेच होते. शपथ घेऊन सांगते."

"तुम्ही दोघं गुणाची आहात," पारखी म्हणाले. मग थोडा वेळ नुसती घरघर. झोपले असं वाटलं, तोच पुन्हा म्हणाले, "तुमच्यावर माझा राग नाही. बियाणं माझ्या हाती द्यायलाच नको होतं. तुम्ही भिडेनं बोलला नाहीत."

त्यानंतर ते मोहरीबद्दल बोलले नाहीत. दोन दिवस तग धरला. तिसऱ्या दिवशी सून दूध घेऊन गेली, तर मान भिंतीकडे वळलेली होती आणि दूध तसंच हातात राहिलं.

भेटायला माणसं आली. पहिला आला तो सुतार, पारख्यांचा जुना सोबती. गुडघ्यावर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "सोन्यासारखा माणूस. शेवटी नजरेनं दगा दिला, दुसरं काय."

"नजरेनं नाही, काका," मुलगा म्हणाला. "त्यांनी काही मिसळलं नव्हतं. मी लावलेल्या तांबडीनं घात केला. मी त्यांना सगळ्यांदेखत बोललो. चूक माझी होती आणि मी..."

सुतारानं सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उठला. आणि रस्त्यावर गेल्यावर, सुनेला खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं, तो कुणाला तरी म्हणाला, "बापाचं नाव राहावं म्हणून पोरगा स्वतःला दोषी म्हणवून घेतोय. आजकाल कोण करतं एवढं?"

पुढे येणारी माणसं ते ऐकूनच येऊ लागली. गोदामवाला आला. त्यालाही मुलानं सांगितलं, पहिल्यापासून, मॅडमच्या पुड्यांसकट. गोदामवाल्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "मला वाटलं होतं तू कडक आहेस. त्या दिवशी रांगेत तू बोललास ते मला लागलं होतं. पण माणूस ओळखायला वेळ लागतो." सांगेल तितकी त्याची कीर्ती वाढत होती. सून सांगू लागली तर बायका म्हणत, नवऱ्याला शोभेल अशी आहेस हो. मॅडमनी कचेरीतून कागद पाठवला. तो गोदामात लावलाही. पण साल, पराग आणि दोन पिढ्या एवढं वाचायला कुणाला सवड होती? काही दिवसांनी मुलानं सांगणं सोडून दिलं.

पुन्हा मोहरी वर आली. कळ्या धरल्या तशी दोघं पहाटेपासून रानात. जुन्या चादरी फाडून तिनं पिशव्या शिवल्या होत्या. ती एकेका झाडाचा शेंडा हलक्या हातानं धरी, तो त्यावर पिशवी चढवून खाली दोरा बांधी. दव पडलेलं होतं. कोपरापर्यंत हात ओले. ओढ्याच्या बाजूनं वारा येत होता आणि त्याची बोटं गारठून वळत नव्हती. चार ओळी झाल्या, पाठ धरली, तरी दोघं थांबली नाहीत.

बांधावरून दोन माणसं चालली होती, बाप आणि त्याचा तरणा मुलगा. बाप थांबला. आवाज दबलेला होता, पण सकाळच्या शांततेत सगळं ऐकू आलं.

"बघ. ते पारख्यांचं पोर. बापासाठी काय करतोय ते बघून ठेव."

नवऱ्याचे हात दोऱ्यावर तसेच थांबले. त्यानं वर पाहिलं नाही. खांदे एकदा हलले, पुन्हा हलले. माणसं पुढे निघून गेली, पावलांचा आवाज विरला, तरी गाठ पडेना.

तिच्या हातातला शेंडा वाकत होता. कळ्या उमलायला आल्या होत्या.

"बांधा," ती म्हणाली.

त्यानं बांधलं.